पूड आणि वाटण



धर्मगुरूच्या दारी नाना प्रकारचे तंटे येतात. बांधाचे येतात, घराच्या वाटणीचे येतात, लग्नात कोणी कोणाचा मान राखला नाही याचेही येतात. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे आलेला तंटा असा होता की, त्याच्या निवाड्यास गुरुविद्यालयात शिकलेले तत्त्वज्ञान उपयोगी पडेना आणि ईशज्ञानही उपयोगी पडेना. तंटा मसाल्याचा होता.

घर बेळगावातलेच. घरातील आजी सत्तरी ओलांडलेल्या, माहेरच्या वेंगुर्ल्याकडच्या. सूनबाई बडोद्यास जन्मलेल्या व वाढलेल्या, येथे एका शाळेत शिक्षिका. दोघींची परवानगी घेऊनच मी हे लिहीत आहे. नावे मात्र सांगत नाही. आजोबांना जाऊन एक वर्ष झाले त्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी मिस्सा होती आणि नंतर दहाबारा आप्तांचे जेवण होते. आजी मिस्सेस आल्या. सूनबाई स्वयंपाकासाठी घरी राहिल्या. आजोबांच्या आवडीचा मटणाचा रस्सा करावयाचा होता. मसाला किती घालावा, असे सुनेने फोन करून विचारले. चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहून आजींनी सांगितले, “दोन वाट्या घाल, आणि चांगला परतून घे.” सुनेने दोन वाट्या घातला आणि चांगला परतून घेतला.

तो रस्सा कोणाच्याही घशाखाली उतरला नाही. रंगाने काळपट, चवीस कडू, आणि दुसऱ्या घासास ठसका लागावा असा. आजींनी ताट बाजूस सारले व पाहुण्यांदेखत त्या म्हणाल्या, “आमच्या घरात आता पुडीचा स्वयंपाक होतो.” सूनबाई आत गेल्या त्या पाहुणे उठेपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. त्या दिवसापासून आजींनी आपले जेवण वेगळे केले. सकाळी पेज, रात्री पेज, सोबत लोणचे, क्वचित भाजलेला सुका बांगडा. दोन महिन्यांत त्या इतक्या वाळल्या की, अखेर त्यांच्या मुलाने रविवारच्या मिस्सेनंतर मला गाठले.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “फादर, तुम्हीच सांगा. दोन्ही मसालेच ना? एक कोरडा आणि एक ओला. एवढाच तर फरक!”

सगळा प्रश्न त्या वाक्यात आला होता, आणि बरेचसे उत्तरही आले होते. फरक पाण्याचाच आहे. त्यातील “एवढाच” हा शब्द तेवढा मला पटला नाही, आणि तो का पटला नाही हे सांगण्यासाठी आजचा हा मजकूर खर्ची घालीत आहे.

मला या विषयात बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, मी चुकलो आहे. माझी पहिली नेमणूक एका लहानशा ठाण्यावर झाली, तेथे स्वयंपाकी नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी कढईत तेल धुरावेपर्यंत तापविले आणि त्यात तीन चमचे मसाल्याची पूड एकदम टाकली. पुढचे मला धड दिसले नाही, कारण डोळे उघडेनात. खोकत खोकत अंगणात आलो तेव्हा शेजारच्या घरातील माणसे घरदार पेटले की काय म्हणून धावत येत होती. पुढे गुरुविद्यालयाच्या जुन्या आचाऱ्यास हा प्रसंग सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. “फादर,” ते म्हणाले, “पूड तेलात घालायची नसते. पूड कांद्यात घालायची असते.” या एका वाक्यावर मी पुढे अकरा वर्षे स्वतःचा स्वयंपाक केला.

आता मूळ गोष्टीकडे वळू. पूड म्हणजे काय? धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मिरची ही द्रव्ये उन्हात वाळवून, भाजून, कुटून केलेला कोरडा मसाला. हे सारे मुळातच वाळलेले पदार्थ होत. त्यांतील पाणी गेलेले असल्यामुळे त्यांना बुरशी लागत नाही, म्हणून पूड टिकते. वाटण म्हणजे याच द्रव्यांपैकी काही घेऊन, त्यांच्याबरोबर ओला नारळ, कांदा, लसूण, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर यांसारखे रसदार जिन्नस पाणी लावून गंधासारखे बारीक केलेले. ते एक दिवसाचे असते. फार तर दोन दिवसांचे.

म्हणजे पूड भिजविली की वाटण झाले, आणि वाटण वाळविले की पूड झाली, असे होत नाही. लसणीचेच पाहा. अख्ख्या पाकळीस फारसा वास नसतो. ती ठेचली म्हणजे तिच्या पेशी फुटतात, आतापर्यंत वेगवेगळी राहिलेली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि त्यांपासून तो उग्र वास त्याच क्षणी जन्मास येतो. वाळलेल्या लसणीच्या पुडीत तो ताजेपणा उरत नाही. आल्याची तऱ्हा आणखी निराळी. आले वाळून त्याची सुंठ झाली की, त्यातील तिखट द्रव्याचे रूप पालटते व सुंठ आल्याहून अधिक झणझणीत लागते. ज्याने आल्याच्या जागी तेवढीच सुंठ घातली त्याने पदार्थच बदलला. उलट धणेजिऱ्यांचा सुवास त्यांतील उडून जाणाऱ्या तेलात असतो. दाणा अख्खा असेपर्यंत ते तेल आत बंदिस्त राहते. कुटला की वाऱ्यास मोकळे होते. म्हणूनच अख्खे जिरे वर्षभराने देखील जिऱ्यासारखे वास देते, आणि जिऱ्याची पूड काही महिन्यांतच भुशाच्या वळणावर जाते.

खरा भेद मात्र कढईत दिसून येतो. पाणी साधारण शंभर अंशांस उकळते. वाटण तेलात पडले म्हणजे प्रथम त्यातील पाणी उकळू लागते, आणि ते पाणी आहे तोवर वाटणाची उष्णता त्या अंशांच्या फारशी वर चढू शकत नाही. पाणी जणू मसाल्याचा राखणदार होऊन बसते. सगळे पाणी वाफ होऊन गेले की मग खरे परतणे सुरू होते. कच्चा वास जातो, रंग गडद होतो आणि कडेने तेल सुटू लागते. “तेल सुटेस्तोवर परतावे” हे आपल्या आयाबायांचे वाक्य आहे. त्याचा अर्थ, आता पाणी संपले. मिरचीचा तिखटपणा व हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून सुटलेले ते तेल लाल दिसते आणि रश्शावर तवंग येतो. या कामास दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि ती घाईने उरकता येत नाहीत.

पुडीस असा राखणदार नाही. तापलेले तेल सहज पावणेदोनशे अंशांच्या घरात असते. त्यात कोरडी पूड पडली की मिरची प्रथम लाल, लगेच तपकिरी आणि पाहता पाहता काळी होते. हा सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा आहे. जळलेला मसाला मागे परतवता येत नाही. त्यावर गूळ घाला, दही घाला, तो कडूच राहतो. म्हणून पूड वापरताना कांदा चांगला शिजवून घ्यावा, त्यात टोमॅटो किंवा पाण्याचा हबका द्यावा, आच मंद करावी आणि मग पूड घालून एखादे मिनिट हलवावी. याहून सोपी युक्ती म्हणजे पूड आधी वाटीत चार चमचे पाण्यात वा दह्यात कालवून ठेवावी आणि मग कढईत घालावी. पुडीस थोडा वेळ का होईना, राखणदार मिळतो.

आता बडोद्याच्या त्या सूनबाईंचे काय झाले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. आजींनी “मसाला” म्हटले ते वाटणाला. त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नाही. पाट्यावर वाटलेला गोळा तो मसाला, बाकी ती पूड. सुनेच्या माहेरी मसाला म्हणजे डब्यातील कोरडा मसाला. “मला सुद्धा दोन वाट्या जास्तच वाटल्या होत्या,” त्या मला म्हणाल्या, “एक पाकीट संपून दुसरं फोडावं लागलं. पण पुन्हा फोन करून विचारायचा धीर झाला नाही.” एक वाटी ओल्या वाटणात कोरडा मसाला असतो किती? पोह्याचे दोन-तीन चमचे; बाकीचे सारे खोबरे, कांदा, लसूण आणि पाणी. म्हणजे रश्शात चौपट मसाला पडला, तोही कोरडा, आणि वाटणाप्रमाणे पंधरा मिनिटे परतला गेला. खोबऱ्याचा दाटपणा नाही तो नाहीच. आजींनी सांगितले ते बरोबर होते, सुनेने केले ते सांगितल्याप्रमाणेच होते, आणि तरी घरात दोन चुली झाल्या.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण “करी पावडर” या नावाच्या वस्तूविषयी वाचकांस नेहमी कुतूहल असते. परदेशी राहणाऱ्या नातलगांकडे गेलेली आपली माणसे परत येऊन सांगतात की, तेथे दुकानात याच नावाची बाटली मिळते, आणि आपल्या घरी तर असा पदार्थ कोणी पाहिलेला नाही! त्यांचे म्हणणे खरे आहे. “करी” हा शब्द तमिळमधील “कऱि” यावरून आला असे बहुतेक भाषापंडित मानतात. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे “कारील” झाले. परंतु सर्व पदार्थांना चालणारी एकच पूड ही इंग्लंडची गरज होती. १७४७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास या बाईंच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती आहे. तीत मसाला म्हणून मिरे आणि भाजून कुटलेले धणे एवढेच. हळद व आले मागाहूनच्या आवृत्त्यांत आले. १७८४ साली पिकॅडिलीतील एका सुगंधी द्रव्यांच्या दुकानाने तयार करी पावडरीची जाहिरात वृत्तपत्रात दिली होती. हिंदुस्थानातून नोकरी संपवून परतलेल्या साहेबास जिभेवरची चव हवी होती, पण पाटा-वरवंटा नव्हता, ओला नारळ नव्हता, आणि वाटण सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकणारे नव्हते. पूड टिकणारी होती. तेव्हा धणे, हळद, जिरे, मेथी, मिरची, मिरे अशी एक सरधोपट पूड झाली आणि तिला सगळ्या हिंदुस्थानचे नाव मिळाले. नारळाचा दाटपणा कोठून आणावा? त्यांनी लोण्यात गव्हाचे पीठ परतून घातले. हीच इंग्रजी तऱ्हा पुढे जपानात गेली. तेथे १९२३ साली यामाझाकी मिनेजिरो यांनी स्वदेशी करी पावडर तयार केली, आणि आज पिठाने दाट केलेली करी हे जपानी घरांतील नित्याचे जेवण आहे. पाणी काढून टाकलेला मसाला किती दूरवर जाऊ शकतो, याचे मला नवल वाटते.

पूर्वेकडील थायलंडात मात्र वाटणाचेच राज्य आहे. तेथे दगडी खलात मिरच्या, गवती चहाचे देठ, आल्याच्या जातीचे एक मूळ, लसूण, एका जातीच्या लिंबाची साल आणि बारीक कोळंबीचा आंबविलेला लगदा कुटतात. हिरव्या मिरचीचे ते हिरवे वाटण, सुक्या मिरचीचे ते तांबडे. नारळाच्या दाट दुधास तेल सुटू लागले की त्यात ते परततात. खूण तीच, तेल सुटण्याची! देठ, मूळ आणि साल ही ताजी असल्याखेरीज त्या करीस अर्थ नाही, म्हणून तेथे पुडीचे फारसे चालले नाही.

आपल्या घरांत तर दोन्ही आहेत, आणि दोहोंच्या मधलेही आहे. वसई, ठाणे व मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतील बाटली मसाला ही पुडीची मोठी प्रतिष्ठित जात. एप्रिल-मे महिन्यांत वीस-पंचवीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवायचे, एकेक निराळा भाजायचा, बायकांनी मिळून कांडायचा, आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून ठासून भरायचा, म्हणजे आत वारा राहत नाही आणि बाहेरचा उजेड पोचत नाही. मसाल्याचे दोन शत्रू, वारा आणि उजेड, यांचा बंदोबस्त त्या बायकांनी कोणत्याही रसायनशास्त्रज्ञास न विचारता केला. इकडे आमच्या सरहद्दीवर कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला आहे. तो धड पूड नव्हे आणि धड वाटणही नव्हे. संकेश्वरी मिरची तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी, त्यांत तेलावर तळलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि मीठ घालून डंकावर कांडलेला हा मसाला हाताला ओलसर लागतो. पण तो ओलावा तेलाचा आहे, पाण्याचा नव्हे. म्हणून तो टिकतो. मार्च महिन्यात बेळगावच्या रविवार पेठेतून चालत जाणाऱ्यास ही सगळी वर्षाची बेगमी नाकाने मोजता येते.

गोव्याने तिसराच मार्ग काढला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची आणली, तिच्याबरोबर मांस मद्यात व लसणीत मुरवून ठेवण्याची रीतही आणली. “विंदालू” या शब्दात मद्य आणि लसूण ही दोन्ही पोर्तुगीज नावे दडलेली आहेत. गोव्यात मद्याऐवजी माडाच्या सुरेचा शिरका आला. बांगड्याच्या पोटात भरावयाचा तांबडा रेशादो मसाला शिरक्यात वाटतात, पाण्याचा थेंबही लावीत नाहीत. म्हणून ते वाटण असूनही बरणीत महिनोन्महिने राहते. शाकुतीचे वाटण तसे नव्हे. त्यात भाजलेले खोबरे असते, ते त्याच दिवशी संपवावे. लंडनमध्ये गुजरातहून केनियामार्गे आलेल्या लक्ष्मीशंकर पाठक यांनी १९५७ साली सुरू केलेल्या व्यवसायाने पुढे बरणीबंद वाटणे इंग्लंडभर पोचविली, तीही तेल, मीठ आणि आंबटपणा यांच्याच जोरावर टिकतात. तशी बरणी कोणी आणली असेल तर रश्शात मीठ व चिंच घालण्यापूर्वी चाखून पाहावे. दोन्ही त्यात आधीच असतात.

टिकण्याचा विषय निघाला म्हणून एक सूचना आग्रहपूर्वक करतो. नोकरी करणाऱ्या अनेक भगिनी रविवारी आले-लसणीचे वाटण करून, वर तेल ओतून, बाटली ओट्यावरच ठेवतात. हे करू नये. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणीत आंबटपणा नाही. अशा जागी एक प्रकारचे अतिशय घातक जंतू वाढतात, आणि त्यांचे विष वासावरून वा रंगावरून ओळखू येत नाही. असे वाटण शीतकपाटात ठेवावे व चार-पाच दिवसांत संपवावे. अधिक दिवस हवे असल्यास बर्फाच्या कप्प्यात लहान लहान गोळे करून गोठवावे. खोबऱ्याचे वाटण तर दुसऱ्या दिवशीच आंबते, पण ते निदान नाकाला सांगून आंबते.

पुडीचा दोष निराळा. ती नासत नाही, पण तीत काय मिसळले आहे हे डोळ्यास दिसत नाही. युरोपात २००३ साली मिरचीपुडीत सुदान नावाचा, खाण्यास मनाई असलेला रंग सापडला आणि २००५ साली ब्रिटनमध्ये त्यापायी शेकडो पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. घरच्या घरी एवढे करता येते की, पेलाभर पाण्यात चमचाभर मिरचीपूड वरून भुरभुरावी. विटेची भुकटी असेल तर ती तळाशी बसते व बोटांस खरखरीत लागते, रंग असेल तर त्याच्या रेघा पाण्यात उतरू लागतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी मिरच्या स्वतः निवडून डंकावर समोर उभे राहून कांडून घ्याव्या, हे उत्तम.

आता थोडे कटू बोलतो. पाट्यावरच्या वाटणाची चव यंत्राला नाही, असे मी अनेक पुरुषांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यांतील एकानेही पाट्यापुढे अर्धा तास बैठक मारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. चवीविषयी ते म्हणतात त्यात तथ्य आहे. वरवंटा द्रव्य चिरडतो व रगडतो, यंत्राचे पाते कापते; आणि यंत्र फार वेळ चालले की वाटण तापते. परंतु माझ्या आईचे मनगट मला आठवते. चतकोर नारळ, दहा मिरच्या, मूठभर धणे, हे रोज, पहाटेच्या मिस्सेहून आल्यावर, दमट जमिनीवर बसून. १९६०च्या दशकात आपल्या देशी वाटणासाठी बनविलेली विजेची यंत्रे निघाली ती लाखो मनगटांना मोठी सुटी देऊन गेली. आणि पूड वापरणारी स्त्री आळशी, हा समज तर मुळातच टिकत नाही. वर्षाचा बाटली मसाला करणाऱ्या बाईस आळशी म्हणून पाहावे! पुडीचे कष्ट उन्हाळ्यात आगाऊ दिलेले असतात. पाकिटातल्या पुडीचे कष्ट दुसऱ्या कोणी दिलेले असतात, इतकेच.

मी हे सारे त्या घरात असे व्याख्यानासारखे बोललो नाही, याची खात्री असू द्यावी. मी फक्त दोन वाट्या मागितल्या. एकीत पूड भरविली, दुसरीत आजींना विचारले की, तुमचा मसाला एवढाच ना? आजींनी वाटीकडे पाहिले, मग पुडीच्या वाटीकडे पाहिले. “तू हे घातलंस? दोन वाट्या?” त्या सुनेला म्हणाल्या, आणि दोन महिन्यांत प्रथमच त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होते. “अगं बाई, मग मेलं असतं की कुणीतरी!” सूनबाईंना हसू आले. मग त्या रडल्या. मुलगा उगाच खिडकीबाहेर पाहत राहिला.

पाटा-वरवंटा आजींच्या हातून आता होत नाही. संधिवाताने बोटे वाकली आहेत. वर्षभरापूर्वीपर्यंत त्या कशाबशा वाटीत असत, आणि आजोबा गेल्यावर त्यांनी तो पाटा भिंतीशी उभा करून ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळले. यंत्रात वाटायला त्या तयार नव्हत्या. त्यांचे म्हणणे, यंत्रातले वाटण “पचपचीत” होते. त्यांची तक्रार खरी निघाली. पाते फिरावे म्हणून आपण यंत्रात अर्धा पेला पाणी ओततो. पाट्यावर तेवढ्याच वाटणास चार शिंतोडे पुरतात. जादा पाणी आटेपर्यंत घरातली माणसे भुकेली होतात, मग गृहिणी कच्चेच वाटण रश्शात सोडते, आणि नाव यंत्राचे होते. तेव्हा असे ठरले की, धणे, मिरे, खसखस हे कोरडे जिन्नस आधी कोरडेच फिरवावे, मिरच्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून घ्याव्या, मग खोबरे घालून थांबत थांबत फिरवावे, आणि पाणी आजींनी स्वतः चमच्याने घालावे. सुनेने यंत्राचे बटण दाबायचे, आजींनी चमचा धरायचा.

पुढच्या पंधरवड्यात त्यांच्याकडे जेवावयास जाण्याचा योग आला. पहिले दोन प्रयत्न जाडेभरडे झाले होते असे ऐकले. तिसरे वाटण मी पाहिले, ते बोटांत चोळता कण लागत नव्हता. ते परतताना सूनबाई घड्याळाकडे पाहत होत्या आणि आजी कढईच्या कडेकडे. तेल सुटले तेव्हा आजींनी काही न बोलता फक्त हात वर केला. रस्सा चांगला झाला होता. आजींच्या मते मीठ कमी होते.

सूनबाईंनी आता डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत, आणि पुडीच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत “पूड” असे लिहिले आहे. शाळा उशिरा सुटते त्या दिवशी त्या पूडच वापरतात, दह्यात कालवून, आणि आजी ती खातात. पेज मात्र त्यांनी सोडलेली नाही. रात्री त्या पेजच घेतात. फक्त तिच्यासोबत लोणच्याऐवजी दुपारच्या रश्शाची वाटी असते.